‘सारखा’ कुठे गेला?

बालमित्रांनो, ही दोन वाक्यं वाचा बरं.

‘पावसाळ्यात वाघ नदी वाघासारखी गर्जते.’
‘आमचा गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचं कोठार.’

पहिल्या वाक्यात नदी नदीच राहिली, वाघ वाघच राहिला. मध्ये ‘सारखी’ हा शब्द आहे ना! आमच्या आमगावकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात अन् तिच्या बांधाला धुरा. ‘सारखी’ हा तसाच धुरा. इकडचं इकडे, तिकडचं तिकडे. ही झाली उपमा. सारखा, जसा, प्रमाणे, समान हे तिचे ओळखीचे शब्द. दुसऱ्या वाक्यात मात्र धुराच फोडला! जिल्हा आणि कोठार एकच झाले. हे रूपक.

हा फरक नुसता परीक्षेतल्या गुणांपुरता नाही बरं का. माझीच चूक सांगते. एकदा चौथीतल्या एका मुलाला सातचा पाढा येईना. मी रागावून म्हटलं, ‘‘अरे, तू म्हणजे नुसता दगड आहेस!’’ झालं! मधल्या सुट्टीपर्यंत सगळा वर्ग त्याला ‘दगड’ म्हणू लागला. ‘दगडासारखा गप्प का?’ असं विचारलं असतं, तर तो बोल तेवढ्यापुरता राहिला असता. मी मात्र मुलगाच पुसला अन् तिथे दगड ठेवला.

पुढे रोवणीच्या दिवसांत तो मला बांधीत दिसला. धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या मांडत होता. सात-सातचे सहा ढीग.
‘‘किती झाल्या रे?’’
‘‘बेचाळीस, बाई.’’
बोटंसुद्धा मोजली नाहीत त्यानं!

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मी त्याची माफी मागितली. म्हटलं, ‘‘हा तर आपल्या वर्गाचा मुनीम!’’ हेही रूपकच. आता तेच नाव टिकलं आहे.

म्हणून रागात बोलताना धुरा सांभाळा. कौतुक करताना खुशाल फोडा! आईबाबांनो, हे तुमच्यासाठीसुद्धा.

आता ओळखा पाहू :
१) आजीचे हात सायीसारखे मऊ आहेत.
२) आई म्हणजे उन्हातली सावली.
३) ताई आईसारखी दिसते.

तिसरं फसवं आहे हं! ‘सारखी’ आहे खरं, पण ताई अन् आई दोघी माणसंच. मग ती उपमा की नुसती तुलना? घरी चर्चा करा. आणि ‘जणू’ हा शब्द आला की काय गंमत होते, ते पुढच्या वेळी!