चालीची पारख

चालणे ही काय शिकण्याची गोष्ट आहे, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. वर्षाचे मूल भिंतीला धरून जे शिकते, त्यासाठी प्रौढ माणसाने क्लबात नाव नोंदवावे, हे प्रथमदर्शनी हास्यास्पदच वाटते. तथापि चालण्याची शर्यत हा मैदानी खेळांतील एक जुना व अवघड प्रकार आहे. लंडनच्या १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये तो होता. स्त्रियांना मात्र या शर्यतीसाठी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत थांबावे लागले.

खेळाचे नियम दोनच. एक पाय सदैव जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे. आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून शरीराखाली सरळ उभा होईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. हे पाळून के. टी. इरफानने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २० किलोमीटर अंतर १ तास २० मिनिटे २१ सेकंदांत तोडले व दहावा क्रमांक मिळवला. म्हणजे किलोमीटरला सुमारे चार मिनिटे! आपल्यापैकी बहुतेकांना धावूनही हे साधणार नाही.

नियमातील ‘दिसला पाहिजे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वेगवान चालीचे छायाचित्र घेतले तर दोन्ही पाय क्षणभर अधांतरी आढळू शकतात. पण निर्णय यंत्राचा नसून पंचाच्या उघड्या डोळ्यांचा असतो. चाल बिघडू लागली की पंच पिवळी पाटी दाखवतो. तीवर नागमोडी रेघ असेल तर पाय जमिनीपासून सुटतो आहे, आणि कोनाची खूण असेल तर गुडघा वाकतो आहे, असे समजावे. तीन निरनिराळ्या पंचांनी लाल शेरा दिला, तर स्पर्धक बाद होतो किंवा काही स्पर्धांत त्याला ठरावीक वेळ थांबून राहावे लागते.

क्लबाची आवश्यकता नेमकी येथे आहे. आपला गुडघा वाकतो की नाही, हे चालणाऱ्याला स्वतःला कळत नाही. कळते असे वाटते, एवढेच. बाजूने पाहणारा जाणता डोळा हवा. तो महागड्या बुटांनी मिळत नाही. नवख्याने आरंभी अंतराचा हव्यास धरू नये. चारशे मीटरच्या धावपट्टीवर एक फेरी शुद्ध चालीने घ्यावी, टाच आधी टेकवावी, कोपरे काटकोनात ठेवावी आणि चाल मोडली की थांबावे. पहिले काही दिवस नडगीच्या पुढील स्नायू भरून येतात. विश्रांतीने न ओसरणारे दुखणे मात्र वैद्याला दाखवावे.

कमरेच्या हेलकाव्यामुळे ही चाल पाहणाऱ्याला विचित्र दिसते आणि रस्त्यावरची मंडळी हसतात. स्त्रियांना तर हे हसू अधिकच सोसावे लागते. आपल्याकडे या खेळाला भरती कमी, याचे एक कारण मला हेच दिसते. पाच-सहा जण एकत्र चालू लागले की हसणाऱ्यांचा उत्साह बराच ओसरतो!

साधनांचे दारिद्र्य येथे अडसर ठरतेच असे नाही. सोनभद्र जिल्ह्यातील राम बाबूने वाराणसीत वेटरचे काम केले, टाळेबंदीत रोजगार हमीच्या कामावर मजुरी केली. आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मंजू राणीसह ३५ किलोमीटर मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदक मिळवले.

पदक सर्वांना मिळणार नाही, आणि चाळिशीत मैदानावर येणाऱ्याला ते नकोही असते. परंतु केवळ होतकरू मुलांनाच प्रशिक्षकाचा वेळ द्यावा, ही वृत्ती जेथे असेल तेथे ती सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसभर राबणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवणे क्लबाला जड जाऊ नये. येणाऱ्याचा वयाचा दाखला मागण्याआधी त्याला मैदानाच्या कडेने शंभर पावले चालायला सांगावे, आणि प्रशिक्षकाने त्याच्या गुडघ्याकडे पाहावे.