बहीण नसती तर?



घरातील माणूस तुरुंगात गेला की त्याचे नाव हळूहळू घराच्या बोलण्यातून गळू लागते. मुलीच्या सोयरिकीचा प्रश्न असतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरा असतात, आणि मग 'व्हायचे ते झाले' असे म्हणून निकालाचा कागद ट्रंकेच्या तळाशी जातो. तो तेथे पडून राहिला की कैद्याचा अपिलाचा हक्क मेला असे समजा. कायद्याने तो मारलेला नसतो. आपण मारलेला असतो. हे विधान कोणास कठोर वाटेल, म्हणून जपानातील एका बहिणीची हकीकत आपणांपुढे ठेवतो.

इवाओ हाकामादा हा एके काळचा व्यावसायिक मुष्टियोद्धा. शिझुओका प्रांतात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खाद्यपदार्थ, बनविणाऱ्या कारखान्यात तो कामगार होता. ३० जून १९६६ रोजी कारखान्याच्या एका संचालकाचे घर जळाले आणि आत चौघांचे भोसकलेले देह सापडले. ऑगस्टमध्ये हाकामादास अटक झाली. दररोज सरासरी बारा तास चौकशी चालली आणि सुमारे वीस दिवसांनी त्याने कबुली दिली. न्यायासनापुढे उभा राहताच ती त्याने नाकारली. ४५ जबानीपत्रांपैकी ४४ न्यायालयाने फेटाळली आणि एक मात्र ग्राह्य धरले! पुढे, घटनेस एक वर्ष दोन महिने झाल्यावर, मिसोच्या टाकीत रक्ताचे डाग असलेले पाच कपडे 'सापडले'. त्यांतील विजार अपिलात त्याला घालावयास लावली, तर ती मांडीवर चढेना. सरकारपक्ष म्हणाला, कापड आकसले. पट्टीवरील 'बी' हे अक्षर मोठ्या मापाचे आहे. ते अक्षर मापाचे नसून रंगाचे होते, हे सांगणारा कागद सरकारजवळच होता. तो बाहेर येण्यास अनेक दशके लागली. १९६८ साली फाशीची शिक्षा झाली, १९८० साली ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. शिक्षा देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एकाने २००७ साली उघड सांगितले की, आपल्याला तो निर्दोषच वाटत होता.

हिदेको ही त्याची तीन वर्षांनी मोठी बहीण. फाशीच्या निकालानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. हिदेकोने लग्न केले नाही. हिशेबाचे काम करून ती पोट भरी आणि भावास भेटावयास टोकियोच्या तुरुंगाच्या खेपा घाली. जपानात फाशी आज आहे, हे कैद्यास त्याच सकाळी सांगतात. रोजची सकाळ अशी काढता काढता भावाचे मन ढासळले. पुढे कित्येक वर्षे तर त्याने बहिणीची भेटही नाकारली. ती तरीही जात राहिली. दाराशी जाऊन परत यावयाचे, पुन्हा जावयाचे. वाचकहो, या व्यर्थ दिसणाऱ्या खेपांना काय नाव द्यावे?

फेरचौकशीचा पहिला अर्ज १९८१ सालचा. तो शेवटी फेटाळला गेला २००८ साली! शिक्षा झालेला माणूस मनाने असमर्थ झाला असेल, तर त्याचे भावंड अर्ज करू शकते, अशी तरतूद जपानी कायद्यात आहे. तिच्या आधारे ७५ वर्षांच्या हिदेकोने त्याच वर्षी दुसरा अर्ज केला. मार्च २०१४ मध्ये, ४७ वर्षे ७ महिन्यांनी, भाऊ बाहेर आला. परंतु फेरचौकशीच्या त्या हुकुमाविरुद्ध सरकारपक्षाने दाद मागितली आणि आणखी नऊ वर्षे गेली. अखेर २६ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. कबुली व कपडे हे दोन्ही पुरावे बनावट असल्याचे नमूद केले. भावाची मनःस्थिती पाहून त्यास हजेरी माफ होती. त्याच्या जागी ९१ वर्षांची बहीण बसली होती. २०२५ साली भरपाई मंजूर झाली, ती दिवसाला १२,५०० येन या दराने.

शेवटी न्याय झाला, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. हक्क बजावण्यासाठी एखाद्या बहिणीने ९१ वर्षे जगावे लागते, तर तो हक्क कसला? आणि ती १९९० साली वारली असती, तर?

आपल्या देशात प्रश्न पुष्कळदा याहूनही साध्या ठिकाणी अडतो. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात, निकालाची नक्कल हाती पडली नाही म्हणून अपिलास चार वर्षांहून अधिक उशीर झाला, अशी कैद्याची तक्रार होती. तोवर त्याची शिक्षाही भोगून झाली होती. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कैद्यास निकालाची नक्कल विनामूल्य व तातडीने मिळाली पाहिजे, तुरुंगाधिकाऱ्याने ती पोचल्याची लेखी पावती घेतली पाहिजे, आणि ऐपत नसेल त्यास सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. कैदी आपले अपील तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती देऊनही दाखल करू शकतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतील प्रत्येक माणसास मोफत वकिलाचा अधिकार आहे. अनुसूचित जातींना तो स्वतंत्रपणेही आहे, आणि १९९० पासून धर्मांतरित बौद्ध त्यांत येतात.

सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवर उच्च न्यायालयात जाण्याची मुदत ६० दिवसांची, फाशी असल्यास ३० दिवसांची. नक्कल मिळविण्यात गेलेले दिवस त्यांत धरीत नाहीत, आणि सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो. तेव्हा ट्रंक उघडा. पुढच्या भेटीस जाल तेव्हा खाण्यापिण्याची चौकशी करण्याआधी दोन गोष्टी विचारा : नक्कल हाती आली काय, आणि पावतीवर सही कोणत्या तारखेस केली? उत्तर 'नाही' असे आले, तर त्याच दिवशी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जा.