धावड्याची जाहिरात: कशाची आणि कोणासाठी?

लहान गावांत उद्योग येत नाहीत, कारण ती गावे स्वतःची जाहिरात करत नाहीत, असे मत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. एखादे चटकदार घोषवाक्य, ड्रोनने टिपलेली दोन मिनिटांची चित्रफीत, वेशीवर 'अमुकचे गाव' अशी कमान आणि मोठ्या शहरात एक परिषद. एवढे केले की गुंतवणूकदार वाट पुसत येईल, असा त्याचा आशय. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले धावडा डोळ्यांसमोर ठेवून हे मत तपासू. अजिंठा-बुलडाणा रस्त्यावरचे हे गाव मिरचीच्या पट्ट्यात येते. शेजारी वालसावंगी, आणि हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेले पिंपळगाव रेणुकाई. या गावांना उद्योग हवा, याबद्दल वाद नाही. तो कशाने येईल, याबद्दल आहे.

पहिला दाखला दिला जातो तो राज्याच्या मोहिमांचा. फेब्रुवारी 2018 मध्ये मुंबईत 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' परिषद झाली. 4,106 सामंजस्य करार आणि 12.10 लाख कोटी रुपयांची गुंतवणूक, असे आकडे जाहीर झाले. सामंजस्य करार हा इरादा असतो, उभा राहिलेला कारखाना नव्हे. 'ऑरिक' या औद्योगिक नगरीच्या नावाने छत्रपती संभाजीनगरजवळ उद्योग आले, असेही सांगितले जाते. पण तिथे शेंद्रा-बिडकीनला आधी जमीन संपादित झाली, रस्ते आखले गेले, वीज आणि पाण्याच्या वाहिन्या जमिनीखालून गेल्या. नाव त्यानंतर उपयोगी पडले. उलट दाखला जालन्याचाच आहे. तिथल्या ड्रायपोर्टचे भूमिपूजन डिसेंबर 2015 मध्ये गाजावाजात झाले आणि पुढे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. घोषणेने मालाचा एकही कंटेनर हलत नाही.

दुसरा दाखला भिलारचा. 4 मे 2017 पासून ते 'पुस्तकांचं गाव' झाले आणि त्याचे कौतुक योग्यच आहे. पण भिलार पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर आहे. पर्यटक त्या रस्त्याने आधीपासून जात होते. शिवाय तिथे वाचक यावेत हाच हेतू होता, कारखानदार नव्हे. धावड्याच्या वेशीवर 'मिरचीचं गाव' अशी कमान उभारली, तर वाटसरू थांबून फोटो काढतील. मिरचीचा व्यापारी मात्र कमान पाहून येत नाही. या भागात मिरची होते, हे त्याला ठाऊक आहेच.

त्याला ठाऊक नसते ते वेगळे, आणि लेखाचा खरा मुद्दा इथे आहे. हिरवी विकायची मिरची आणि तिखटासाठी वाळवायची मिरची यांचे वाण वेगळे. तिखट करणारा रंग विचारतो, तिखटपणा विचारतो, वाळल्यावर ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर आला का ते पाहतो. परदेशात माल पाठवणारा तर फवारणीचे अंश आणि बुरशीचे विष तपासून घेतो. युरोपीय संघात मसाल्यांतील अफ्लाटॉक्सिनची एकूण मर्यादा किलोमागे 10 मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. आपल्याकडे फुलकिडे आणि कोकडा आला की फवारण्या वाढतात. कोणत्या शेतकऱ्याने काय, केव्हा फवारले, याची नोंद कोण ठेवतो? शीतगृह काढू पाहणाऱ्याला तर हेही कळले पाहिजे की हिरवी मिरची फार थंडीत ठेवली तर बिघडते. ती साधारण 7 ते 10 अंशांवर दोन-तीन आठवडे टिकते. म्हणजे बटाट्याच्या शीतगृहात ती रचून चालत नाही. कोणत्या महिन्यात किती तोडा होतो, भाव पडतो त्या आठवड्यांत किती माल उरतो, वीज किती तास मिळते, सातबारा वादात नसलेली जागा कुठे आहे, ही माहिती ज्या गावाकडे तयार असेल त्याच्याशी गुंतवणूकदार पहिल्याच भेटीत पैशांचे बोलतो. कोणतीही चित्रफीत हे काम करू शकत नाही.

म्हणून जाहिरातच नको का? असे म्हणणाऱ्यांनाही माझा विरोध आहे. 'माल चांगला असला की गिऱ्हाईक येतेच' हे खरे नाही. चांगला माल भाव पडल्यावर रस्त्याकडेला फेकलेला शेतकऱ्यांनी पाहिला आहे. ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत खरी बातमी नेऊन पोचवावीच लागते, आणि हे मराठी माणसाने पूर्वी करून दाखवले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. 1920 मध्ये तिथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. आडवळणाच्या वाडीतून निघणाऱ्या या पत्राने नांगरांच्या कारखान्याची, मालाची माहिती घरोघर नेली आणि पुढे ते मराठीतले मोठे मासिक झाले. पत्रामागे नांगर होता, हे विसरू नये. नांगरामागे पत्र होते, हेही.

जालन्यातले उदाहरण तर आणखी जवळचे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये 'महिको' ही बियाणे कंपनी सुरू केली. खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडून बियाणे तयार करून घेतले आणि त्या बियाण्याच्या उगवणीवर जालन्याचे नाव देशभर झाले. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 'जालना सोने का पालना' ही म्हण कुठल्या जाहिरात संस्थेने लिहून दिलेली नाही. ती पेठेतल्या उलाढालीतून लोकांच्या तोंडी बसली.

अमेरिकेतल्या टल्सा शहराने 2018 मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांना राहायला येण्यासाठी दहा हजार डॉलर देऊ केले, त्याची चर्चा जगभर झाली. तिथेही देकार नेमका होता: अमुक रक्कम, अमुक अट. धावडाही नेमका देकार करू शकते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळते. गावातल्याच चार तरुणांनी वाळवण आणि दळणाचा एक छोटा कारखाना नीट चालवून दाखवला, तर बाहेरच्या गुंतवणूकदारासाठी त्याहून मोठी जाहिरात नाही. 174 किलोमीटरच्या जालना-जळगाव रेल्वेमार्गाला ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली आहे. रूळ पडेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे, की तोवर नोंदी तयार करायच्या?

एक धोका सांगितला पाहिजे. भपकेबाज मोहिमेचा पहिला लाभ जमिनीच्या दलालांना होतो. भाव चढले की खरा कारखानदार पाठ फिरवतो आणि शेतकऱ्याच्या हातून जमीन आधीच गेलेली असते.

धावड्याच्या ग्रामसभेला माझी विनंती आहे. कमानीसाठी किंवा चित्रफितीसाठी निधी मागणारा ठराव समोर आला, तर तो बाजूला ठेवा. येत्या हंगामाच्या पहिल्या तोड्यापासून वाण, आवक, भाव आणि फवारणी यांची नोंद गावाच्या नावाने सुरू करा, आणि ती दर महिन्याला छापून मसाला कारखानदार, निर्यातदार आणि बँकांकडे पाठवा.