टॉर्च की इस्त्री?

"छोट्या टॉर्चमध्ये बक ड्रायव्हर बसत नाही, लिनियरवर भागवा" हे ज्ञान आता पुरे झालं राव! जरा गणित करा. सिरीजमध्ये दोन लिथियम सेल, फुल चार्जला ८.४ व्होल्ट. एलईडीला हवेत ३ व्होल्ट, २ अँपिअर. म्हणजे एलईडीला ६ वॅट आणि लिनियर ड्रायव्हर नुसता तापायला १०.८ वॅट! वर नागपूरचा मे महिना, बाहेरच ४५ अंश. ९० टक्के एफिशियन्सीचा बक पाऊण वॅटच्या आत आटपतो, सेलमधून २ ऐवजी जेमतेम ०.८ अँपिअर ओढतो. पेंचच्या जंगलात रात्री गस्तीला निघालेल्याला विचारा या फरकाची किंमत.

जागेचं रडगाणं? फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झच्या वर न्या, इंडक्टर नखाएवढा होतो. (सॅच्युरेशन करंट बघूनच घ्या, नुसता आकार नको.) स्विचिंग लॉस थोडा वाढतो, इनपुट कपॅसिटर आयसीला चिकटून लावावा लागतो. खरा कंटाळा या लेआउटचाच आहे!

एकच सेल असेल तर लिनियर खुशाल लावा, तिथे मी भांडत नाही.