शिंकं गेलं, ओटा आला!

मैत्रिणींनो, आपल्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकघरात आढ्याला एक शिंकं टांगलेलं असायचं. दूध, दही, लोणी सगळं त्यात. गुळाच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून तो पाण्याच्या परातीत ठेवलेला. 'बाई गं, दुधाला तोंड लावू नये,' असा मांजरीला उपदेश करत बसलेली आजी कुणी पाहिली आहे का? तिला पक्कं ठाऊक होतं की मांजरीचा स्वभाव बदलणार नाही, दुधाची जागा मात्र बदलता येते. कुत्र्याचा तर प्रश्नच नव्हता. तो अंगणात, फार तर ओसरीवर. स्वयंपाकघराचा उंबरा त्यानं ओलांडायचा नाही, हे त्यालाही माहीत आणि घरालाही.

आता फ्लॅटमध्ये ना अंगण, ना ओसरी. कुत्रा घरात आला आणि सोफ्याशेजारी झोपू लागला. चूल जमिनीवरून ओट्यावर गेली. शिंकं मात्र गेलं ते गेलंच! आपला ओटा साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर उंच. लॅब्रेडॉर कुत्रा खांद्यापाशी ५५ सेंटिमीटरच्या आसपास. तो मागच्या पायांवर उभा राहिला की हनुवटी ओट्यावर अलगद टेकते. आपण ज्याला ओटा म्हणतो, ते त्याच्या दृष्टीनं वाढून ठेवलेलं पान असतं.

मग काय होतं, ते कुत्रा असलेल्या घरात सांगायला नको. रविवारचं मटण निथळत ठेवावं, तेवढ्यात दाराची बेल वाजावी, आणि परत येऊन पाहावं तो चाळणी जमिनीवर आणि मोतीबुवा मिशा चाटताहेत! एक धपाटा, दोन शिव्या, संध्याकाळी घरभर चर्चा. असं चार-पाच वेळा झालं की कुणीतरी म्हणतंच, 'देऊन टाका हे ध्यान कुणाला तरी.' वरवर गमतीची वाटणारी ही चोरी कधी कधी बिचाऱ्याला घराबाहेर काढते. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. ओट्यावरचा एखादा घास त्याच्या जिवावरही बेतू शकतो. म्हणून या खेपेस याच विषयावर जरा सविस्तर बोलू या.

तो चोर नाही, सोकावलेला आहे

कुत्र्याला 'माझं' आणि 'मालकिणीचं' हा भेद कळत नाही. तोंड पोहोचलं, घास मिळाला, एवढंच त्याला कळतं. ज्या कृतीनंतर पोटात काही पडतं, ती कृती तो पुन्हा करणार. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, सोकावणं. पहिल्या दिवशी मिळालेला चपातीचा तुकडा हेच त्याचं शिक्षण, आणि ते आपणच त्याला नकळत दिलेलं.

यात एक खोच आहे. रोज घास मिळाला नाही, दहांतून एकदाच मिळाला, तर सवय सुटेल असं आपल्याला वाटतं. होतं उलटच. लॉटरीच्या तिकिटाला एकदा शंभर रुपये लागले की माणूस वर्षभर तिकिटं घेत राहतो ना, तसं. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदरांवर आणि कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसानं लागलेली सवय सगळ्यांत चिवट असते. तेव्हा 'नेहमी नाही हो, कधीतरीच राहतं काहीतरी ओट्यावर,' हे समाधान खोटं. त्या 'कधीतरी'वरच त्याची आशा जगते.

काही कुत्री जात्याच जास्त खादाड असतात, हेही ध्यानात घ्या. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली असं आढळलं की, तपासलेल्या लॅब्रेडॉरपैकी सुमारे २३ टक्के कुत्र्यांमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ अधिक असते. त्याला बिचारा काय करणार! मात्र आजवर शहाण्यासारखं वागणारा मोठा कुत्रा एकाएकी अन्नावर तुटून पडू लागला, तर पशुवैद्याला दाखवा. जंत, मधुमेह, ग्रंथींचे विकार किंवा चालू असलेलं स्टेरॉइडचं औषध यांमुळेही भूक वाढते.

मार का उपयोगी पडत नाही

'पण त्याला कळतं हो, चूक केली की कसा कान पाडून बसतो!' असं पुष्कळजणी म्हणतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हा प्रयोग करून पाहिला. काहींनी खाऊ खाल्ला होता, काहींनी नव्हता. मालकांना मात्र कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर. कुत्र्यानं खरंच खाल्लं होतं की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे तो चेहरा पश्चात्तापाचा नाही, आपल्या चढलेल्या आवाजाचा आहे. अर्ध्या तासानं दिलेला मार तर त्याला कशाबद्दल मिळाला, हे उमगतच नाही.

बरं, जागच्या जागी पकडून रागावलं तर? इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. 'घ्यायचं नाही' म्हणून बजावलेलं अन्न कुत्र्यांनी उजेडापेक्षा अंधारात कितीतरी जास्त वेळा पळवलं! कुणी पाहत असेल तर थांबायचं, नसेल तर घ्यायचं. रागावण्यातून कुत्रा शिकतो तो हा एवढाच धडा.

म्हणून ओट्यावर मिरचीची पूड पेरणं, डबे अंगावर कोसळतील असे रचणं, वर्तमानपत्राची सुरळी उगारणं, हे उपाय सोडून द्या. घाबरलेला कुत्रा घास घाईनं गिळतो, पुढे अन्नाजवळ कुणी गेलं की गुरगुरतो आणि एखादे दिवशी घरातल्या लहान मुलाला चावतो. शिवाय प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६०च्या कायद्यानुसार कुत्र्याला अमानुष मारणं आणि कारण नसताना वाऱ्यावर सोडून देणं हे गुन्हे आहेत.

आधी ओट्याला शिस्त

निदान तीन आठवडे एक नियम पाळा. आपण स्वयंपाकघरात नसताना ओट्यावर खाण्याचं काहीही नको. झाकणावर भरवसा ठेवू नका, नाकानं ढकललं की ते पडतं.

- तापवलेलं दूध निवेपर्यंत जाळीच्या कपाटात ठेवा. भाजून ठेवलेली भाकरी, तळलेले मासे, केक यांना बंद ओव्हन किंवा मायक्रोवेव्ह चांगला. तेच आपलं आजचं शिंकं!
- फ्रीजमधलं मटण-मासळी बाहेर काढून निवळायला ठेवू नका. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा.
- ओटा नुसता आवरून भागत नाही. साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडा करा. आपल्याला न येणारा मटणाचा वास त्याला येतो.
- कचऱ्याचा डबा सिंकखालच्या कपाटात, दार लावून.
- दाराला रांगत्या मुलांसाठी मिळतं तसं छोटं फाटक बसवलं तर निम्मं काम होतं.
- बाहेर जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. उड्या मारणाऱ्या कुत्र्याचा पंजा लागून शेगडीचं बटण फिरू शकतं.

सुरुवातीला तो जास्तच उड्या मारील. रोजचं दुकान बंद दिसलं की आपणही दोनदा कडी वाजवून पाहतोच ना! तेव्हा डगमगू नका. याच दिवसांत एक घास मिळाला तर तो जोर लावायला शिकेल, नाही मिळाला तर नाद सोडील.

मग त्याला त्याची जागा

नुसतं 'हे करू नको' म्हणून भागत नाही. 'मग काय करू?' याचं उत्तरही त्याला हवं. स्वयंपाकघराच्या दाराशी एक जुनी सतरंजी किंवा गोणपाट घाला. ही त्याची जागा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरेत. त्याच्या रोजच्या जेवणातलेच बारीक तुकडे काढून ठेवा. बिनमिठाची उकडलेली कोंबडी किंवा गाजराचे तुकडेही चालतील.

पहिले दोन-तीन दिवस तुकडा सतरंजीवर टाका. तो तिथं गेला की शाबासकी द्या आणि आणखी एक तुकडा. तो आपणहून जाऊ लागला की 'जागेवर' हा शब्द जोडा. शब्द सगळ्या घरानं एकच वापरायचा. मग बसून राहण्याचा वेळ वाढवा. आधी पाच सेकंद, मग दहा, मग अर्धं मिनिट. पुढे तुम्ही ओट्याकडे एक पाऊल जा आणि परत येऊन घास द्या. मग सुरी हातात घ्या, मग एक काकडी चिरा, मग फोडणी द्या. उठला तर ओरडू नका. मुकाट्यानं जागेवर न्या आणि एक पायरी मागे येऊन पुन्हा सुरू करा. घास नेहमी सतरंजीवरच मिळाला पाहिजे, ओट्याजवळ कधीही नाही.

दुसरा धडा 'सोड'. मुठीत तुकडा धरून मूठ त्याच्यापुढे करा. तो हुंगेल, चाटील, पंजा मारील. मूठ उघडू नका. तोंड मागे घेतलं, त्या क्षणी शाबासकी देऊन दुसऱ्या हातातला तुकडा द्या. हे जमलं की तुकडा जमिनीवर हाताखाली, मग खुर्चीवर, आणि शेवटी गळ्यात पट्टा अडकवून ओट्याच्या कडेवर. सोडून दिलं की जास्त चांगलं मिळतं, हे त्याच्या मनात बसलं पाहिजे.

एवढं करूनही काही पळवलंच, तर मागे धावू नका. तो ते दुप्पट घाईनं गिळील. आवडीचा दुसरा खाऊ दाखवून अदलाबदल करा.

घरातली माणसं

खरी अडचण बहुतेक घरांत इथंच येते. आपण महिनाभर मेहनत घ्यायची, आणि आजोबांनी चहात बुडवलेलं बिस्किट टेबलाखाली सरकवायचं! मुलांनी 'एकच वेफर' म्हणून द्यायचं. ह्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा ताटातून उचलून टाकायचा. त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो, पण सोकावतो कुत्रा आणि बोलणी खातो आपण. तेव्हा एकदा सगळ्यांना बसवून सांगा. ज्याला काही द्यावंसं वाटेल त्यानं ते त्याच्या भांड्यात घालावं, आपलं जेवण आटोपल्यावर. आजोबांच्या हाती सतरंजीवरच्या शिकवणीचं काम दिलंत तर उत्तमच. त्यांचं प्रेमही होईल आणि कुत्र्याचं शिक्षणही. ओटा रिकामा ठेवणं हे एकट्या गृहिणीचं काम नव्हे. रात्री उशिरा ऑम्लेट करून घेणाऱ्या चिरंजीवांनाही ते लागू आहे!

कुत्र्याला दोन वेळचं जेवण ठरल्या वेळी मिळू द्या. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी त्याला फिरवून आणलंत तर तो दमून निवांत पडेल.

हे त्याच्या पोटात जाता कामा नये

- मनुका, बेदाणे, द्राक्षं. यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुणाला किती बाधेल याचा अंदाज बांधता येत नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी मांडलं. आपल्या चिंचेतही ते भरपूर असतं. तेव्हा भिजत घातलेली चिंचही झाकून नव्हे, आत ठेवा.
- कांदा, लसूण, कच्चे असोत वा शिजलेले. १० किलोच्या कुत्र्याला १५० ग्रॅम कांदाही रक्तातल्या तांबड्या पेशी फोडायला पुरू शकतो. लक्षणं काही दिवसांनी दिसतात. हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते.
- चॉकलेट. जितकं काळं तितकं वाईट. १० किलोच्या कुत्र्याला गडद चॉकलेटचे ४०-५० ग्रॅमही त्रास देतात.
- बिनसाखरेचं च्युइंगगम. त्यातल्या झायलिटॉलनं रक्तातली साखर झपाट्यानं उतरते.
- शिजलेली हाडं, आंब्याची कोय, मक्याचं बुरकुंड. ही आतड्यात अडकतात.
- पावाची यीस्ट घातलेली कच्ची कणीक. ती पोटात फुगते.

यातलं काही खाल्लं अशी शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट पाहू नका. काय, किती, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन, हे पशुवैद्याला लगेच फोनवर सांगा. वेष्टन असेल तर सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय मुळीच करू नका, त्या मिठानंच विषबाधा होते.

तर मैत्रिणींनो, आज जेवणं झाल्यावर दोनच कामं करा. ओटा पुसून रिकामा करा, आणि जवळच्या पशुवैद्याचा फोन नंबर, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याच्या नंबरसकट, एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवा. सतरंजीची शिकवणी उद्या सकाळपासून.