चिलटांचा बंदोबस्त आणि पाण्याची शिस्त

मृग निघून पंचगंगेच्या खोऱ्यातील हवा दमट झाली, की पॉलीहाऊसमध्ये कोकोपीटवर भाजीपाला व फुले पिकविणाऱ्या शेतकरी बंधूंची कैफियत एकच असते : रोपांच्या बुडाशी काळी, लांब पायांची नाजूक चिलटे भिरभिरतात, भर दुपारी रोपे माना टाकतात, आणि फवारणी करूनही आठवड्याभरात पुन्हा तीच अवस्था. या कैफियतीचा निकाल औषधाच्या पंपाने लागणार नाही, पाण्याच्या शिस्तीने लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

उडणारे चिलट पिकाला स्वतः फारसा उपद्रव देत नाही; परंतु आठवड्याभराच्या आपल्या आयुष्यात त्याची मादी ओलसर माध्यमाच्या फटींतून शंभराहून अधिक अंडी घालते, आणि त्यांतून निघणारी, पारदर्शक अंगाची व चकचकीत काळ्या डोक्याची अळी प्रथम बुरशी व शेवाळ यांवर पोसून, संख्या वाढताच कोवळ्या केशमुळांकडे वळते. त्या जखमांतून पिथियमसारख्या मूळकुजीच्या बुरशीला वाट मोकळी होते. अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांचा असल्यामुळे कोकोपीटच्या एकाच पिशवीत साऱ्या अवस्था एकत्र नांदतात. म्हणून एका फवारणीचा अंमल टिकत नाही.

चिलटांना पोसणारी ही ओल येते ती पाणी सढळ हाताने सोडण्याच्या आपल्या जुन्या सवयीतून. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचा संकल्प सोडला, पुढे नद्यांवर उपसा योजना झाल्या, आणि मुबलक पाणी हीच या खोऱ्यातील शेतीची प्रतिष्ठा ठरली. त्या पाण्याचा अतिरेक झाला तेव्हा शिरोळच्या काळ्या रानांत क्षार फुटले, आणि जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करण्याची पाळी आली. माती सोडून कोकोपीट धरले, तरी हात तोच राहिला! पावसाळ्यात झाडाची तहान उतरलेली असताना उन्हाळ्याच्याच वेळापत्रकाने ठिबक चालविणे म्हणजे चिलटांना आवतण देणे होय. दोन पाळ्यांमधील अंतर वाढवून वरचा बोटभर थर सुकू द्यावा, पिशवीखाली निचऱ्याचे पाणी साचू देऊ नये, टाकी व पन्हळी झाकून प्रकाश, आणि त्याबरोबर शेवाळ, रोखावे.

एवढे केल्यावरच जैविक इलाजाला अर्थ येतो. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेला बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा प्रकार डासांच्या अळ्यांप्रमाणे या अळ्यांचाही नाश करतो. मात्र तो अळीच्या पोटात जावा लागतो, कोवळ्या अळीवरच नीट लागू पडतो, आणि म्हणून पानांवर न फवारता माध्यमात ओतून दर आठवड्यास पुन्हा द्यावा लागतो. घाटेअळीसाठी दुकानात मिळणारा बीटी बहुधा कुर्स्टाकी प्रकारचा असतो, आणि चिलटांवर तो निरुपयोगी आहे. हा भेद विक्रेत्यानेच सांगावयास हवा. स्टाइनरनेमा फेल्टिए हे सूत्रकृमीही गुणकारी आहेत. त्यांना ओल हवी, ऊन मुळीच सोसत नाही, तेव्हा ते सायंकाळीच द्यावेत. कडुनिंबाचे तेल मात्र ठिबकाच्या टाकीत ओतू नये. ड्रिपरची तोंडे बुजतात.

पिवळे चिकट सापळे माध्यमालगत आडवे ठेवावेत. त्यांनी उपद्रव संपत नाही, पण तो वाढतो की ओसरतो हे कळते. बटाट्याची चकती माध्यमावर दोन-तीन दिवस ठेवून उलटली, तर अळ्या डोळ्यांनीच मोजता येतात. शेतकऱ्याने ही नोंद ठेवावी, आणि कृषी खात्याने इस्रायलेन्सिसच्या लहान पुड्या पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या दुकानांत पोहोचतील अशी तजवीज करावी.

— कृषीवल