ट्रक शिकताना अपघात झाला, तर पैसे कोण भरणार?

ट्रान्सपोर्टच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्लॅन कळवला: "सर, ड्रायव्हरचा पगार परवडत नाही. जुना ट्रक घेतो, स्वतःच चालवायला शिकतो आणि शिकता शिकता भाडं पण मारतो."

पहिल्या दोन गोष्टींना माझा विरोध नाही. तिसरीला आहे, आणि चांगलाच आहे.

आपल्याकडे ट्रक शिकायची जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पोरगा क्लिनर म्हणून लागतो. काच पुसतो, टायर ठोकून बघतो, ताडपत्री बांधतो. मग एखाद्या रात्री रस्ता मोकळा दिसला की वस्ताद म्हणतो, "घे, धर स्टिअरिंग." गाडीत माल भरलेला असतो आणि वस्ताद शेजारी डुलक्या काढत असतो. हजारो ड्रायव्हर असेच तयार झालेत आणि त्यातले कित्येक उत्तम आहेत. पण गाडी तुमच्या नावावर असेल, तर हे शिक्षण फार महाग पडू शकतं.

आमच्या एका कार्यशाळेला आलेल्या मुलाचं सांगतो, नाव नको. मामाची दहाचाकी, लासलगावहून वाशीला कांदा. मामा मागच्या बर्थवर झोपलेला, भाचा स्टिअरिंगवर. लर्निंग लायसन्स होतं, म्हणून मामा निर्धास्त. शहापूरच्या अलीकडे धाब्यात वळताना पुढचं तोंड नीट गेलं, पण मागची चाकं आतून कापली. लांब गाडीची मागची चाकं वळणात आत येतात, हे कारवर शिकलेल्या हाताला माहीतच नसतं. उभा असलेला पिकअप चेपला आणि त्याच्या शेजारी उभ्या माणसाचा पाय गेला.

आता विम्याचं बघा. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत 'ड्रायव्हर क्लॉज' नावाचं कलम असतं. तिथे साधारण असं लिहिलेलं असतं की लर्निंग लायसन्सवाला गाडी चालवू शकतो, पण त्या वेळी गाडी माल वाहत नसली पाहिजे आणि केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 3 पाळलेला पाहिजे. नियम 3 सांगतो की शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, तोही गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला. शिवाय पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. गंमत बघा, नियम 3 मध्ये मालाचा शब्दही नाही. मालाची अट पॉलिसीत आहे, आणि पॉलिसी कुणी वाचत नाही.

मामाच्या गाडीत कांदा होता आणि मामा झोपेत होता. दोन्ही अटी मोडल्या. गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला गेला. जखमी माणसाच्या भरपाईचं वेगळं असतं. थर्ड पार्टीला वाऱ्यावर सोडायचं नाही म्हणून कोर्ट अनेकदा विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं, आणि अट मोडली असेल तर ते मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. म्हणजे पैसे शेवटी मालकाच्याच खिशातून. तोवर गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात, कांदा सडतोय, व्यापाऱ्याचे फोन चालू, आणि बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला येतोच.

काही शहाणे सल्ला देतात, "मामा चालवत होता असं सांगायचं." अजिबात नको. टोलनाक्यावर कॅमेरे असतात, धाब्यावर असतात, साक्षीदार असतात. विम्याच्या भांडणात खोट्या जबाबाची केस कशाला ओढून घ्यायची?

पळून जाणं तर त्याहून वाईट. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 म्हणतं की जखमीला उपचार मिळवून द्या आणि 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. जमाव मारेल ही भीती खरी आहे, आणि कायद्यालाही ती माहीत आहे. जमावाच्या संतापामुळे थांबता आलं नाही, तर तेवढी सूट त्याच कलमात आहे. पण मग थेट पोलीस ठाणं गाठायचं, गाव नाही.

मग शिकायचं कसं? हलक्या गाडीचं लायसन्स एक वर्ष जुनं झाल्याशिवाय ट्रान्सपोर्ट गाडीचं लर्निंग मिळत नाही, आणि वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात. ते वर्ष वाया जात नाही, त्यात भाड्याचं गणित शिका. नंतर रीतसर स्कूल. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी नियमात किमान 15 तास प्रत्यक्ष ड्रायव्हिंग सांगितलंय. सही करून सर्टिफिकेट देणाऱ्या दुकानात जाऊ नका, शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली गाडी आहे का ते आधी बघा. 15 तासांत घाट येत नाही, हेही खरं. त्यासाठी वस्ताद लागतोच. पण त्याच्याकडे रिकाम्या गाडीवर शिका. रविवारी एमआयडीसीचे रस्ते मोकळे असतात. एका दिवसाचं डिझेल आणि वस्तादाचा रोज, एवढाच खर्च.

आणि ज्यांच्याकडे गाडी आधीच आहे, त्यांनी आपला क्लिनर रात्री काय करतो ते विचारा. कामावर असताना तो जखमी झाला, तर कायद्याप्रमाणे त्याच्या नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते. पॉलिसीत ड्रायव्हर-क्लिनरचं कव्हर किती धरलंय, ते एजंटला फोनवर नको, लेखी विचारा.

पुढच्या व्हिडिओत जुन्या ट्रकचा हप्ता आणि मेंटेनन्स यांचा हिशोब मांडणार आहे. ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी ती हाताशी ठेवा, ड्रायव्हर क्लॉज आपण ओळ-ओळ वाचू.